गोळ्यांच्या पावसात खेळाडू नेमकं काय बघतो?

मोबाइल चाळताना कधीतरी असा व्हिडिओ समोर येतो: उभा पडदा, तळाशी नखाएवढं विमान आणि वरून अक्षरशः शेकडो गुलाबी-निळ्या गोळ्या. रिकामी जागा म्हणून कुठे दिसत नाही. तरी ते विमान हळूहळू सरकत राहतं आणि त्याला ओरखडाही येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, एकतर हा व्हिडिओ बनावट असणार, नाहीतर खेळणाऱ्याचे डोळे आपल्यासारखे नसणार.

दोन्ही अंदाज चुकतात. खेळणाऱ्याचे डोळे आपल्यासारखेच असतात, फक्त काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं हे त्याला ठाऊक झालेलं असतं. ते समजून घ्यायला मला ‘झेवियस’ हा जपानी खेळ सगळ्यात सोयीचा वाटतो. नामको कंपनीने तो १९८३च्या सुरुवातीला जपानच्या गेम सेंटरांमध्ये आणला. परग्रहावरून आलेल्या शत्रूने पृथ्वी व्यापली आहे आणि ‘सोल्व्हालू’ नावाचं एकुलतं एक विमान घेऊन तुम्ही तिच्यावरून उडत आहात, एवढीच वरवरची गोष्ट. आजच्या त्या भयंकर दिसणाऱ्या खेळांचे बरेचसे नियम यात सापडतात, आणि गोळ्या कमी असल्यामुळे ते नीट दिसतातही.

## मुळात हा प्रकार कोणता?

१९७८ साली ताइतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. तोमोहिरो निशिकादो यांनी तो बनवला. वर परग्रहवासीयांच्या ५ रांगा, प्रत्येक रांगेत ११, तळाशी डावी-उजवीकडे सरकणारी तुमची तोफ. पार्श्वभूमी जागची हलत नाही. शत्रू कमी होत गेले की उरलेले जोरात धावू लागतात, आणि त्यामागचं कारण मजेशीर आहे. ते यंत्र पडद्याच्या एका झळकीत एकाच परग्रहवासीयाला हलवू शकायचं. सगळे ५५ जिवंत असले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते. १० उरले की पाळी लवकर येते आणि ते आपोआप वेगवान होतात. यंत्राची मर्यादाच खेळाचा थरार बनली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती उलट्या बाजूने परत भेटणार आहे.

यानंतरची पायरी म्हणजे जमीन सरकवणं. विमान पुढे चाललं आहे असं वाटावं म्हणून खालचं दृश्य सतत मागे सरकवायचं. अशा खेळांना ‘स्क्रोलिंग शूटर’ म्हणतात. काहींत दृश्य आडवं सरकतं, जसं कोनामीच्या १९८१च्या ‘स्क्रॅम्बल’मध्ये, तर काहींत उभं. झेवियस उभा आहे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम घरोघरी आले, ते बहुतेक निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होते. त्यांच्या कॅसेटमधले गॅलॅक्सियन, पॅकमॅन आणि पोरं ज्याला नुसतं ‘टँक’ म्हणायची तो बॅटल सिटी हे तिन्ही नामकोचेच. म्हणजे कंपनीचं नाव माहीत नसलं तरी तिच्या हाताखालून आपली एक पिढी गेलेली आहे.

## एवढ्याशा यंत्रात एवढी जमीन कशी मावली?

झेवियसच्या पेटीत झेड-८० जातीचे ३ प्रोसेसर होते. आजच्या साध्यातल्या साध्या मोबाइलपुढे ते काहीच नाहीत. तरी त्यावर जंगलं, नद्या, समुद्रकिनारे, वाळवंट, रस्ते असा सलग प्रदेश उलगडत जातो. आणि तो एकदाही अडखळत नाही.

ठशांनी कापड छापणाऱ्याकडे कोयरी, पान, वेल असे मोजकेच ठसे असतात. तेच जुळवून, फिरवून तो अख्खं ठाण भरतो. झेवियसची जमीन तशी छापलेली आहे. ८ बाय ८ ठिपक्यांचे छोटे चौकोन यंत्राच्या कायमच्या स्मृतीत ठेवले आहेत. नकाशा म्हणून साठवली आहे ती फक्त यादी: या जागी अमुक क्रमांकाचा ठसा, शेजारी तमुक. संपूर्ण चित्र साठवायला जितकी जागा लागली असती, तिच्या छोट्याशा हिश्शात काम होतं.

सरकवण्याची युक्ती याहून सोपी. दर वेळी जमीन नव्याने काढत बसायचं नाही. पडद्याचं टोक नकाशाच्या कोणत्या ओळीवर आहे, एवढा एक आकडा बदलत राहायचा. विमानं आणि गोळ्या या जमिनीचा भाग नसतात. ती वेगळी छोटी चित्रं असतात, जमिनीवर हवी तिथे ठेवता येणारी. त्यांना ‘स्प्राइट’ म्हणतात.

खेळात १६ भाग आहेत. प्रत्येकाच्या टोकाला घनदाट जंगल येतं, त्यामुळे एक भाग कुठे संपला हे सूचना न देताही कळतं. पण हे १६ वेगळे नकाशे नाहीत. एकाच मोठ्या नकाशाच्या त्या वेगवेगळ्या उभ्या पट्ट्या आहेत. काटकसर म्हणून केलेली ही गोष्ट खेळणाऱ्याच्या मनावर वेगळाच परिणाम करते. एका भागात डाव्या कडेला जी नदी निसटती दिसली होती, ती दुसऱ्या भागात मधोमध येते. आपण तुकड्या-तुकड्यांच्या पायऱ्या चढत नसून एका खऱ्या प्रदेशावरून वेगवेगळ्या वाटांनी जात आहोत, असं वाटू लागतं. माझ्या मते झेवियसचं मोठेपण पहिल्यांदा इथे दिसतं. त्याआधीच्या बहुतेक खेळांत शत्रू काळ्या आकाशात लटकलेले असायचे. इथे त्यांना राहायला भूगोल मिळाला.

## दोन हत्यारं, दोन मजले

सोल्व्हालूकडे दोन हत्यारं आहेत. ‘झॅपर’ हवेतल्या शत्रूंसाठी, ‘ब्लास्टर’ म्हणजे बॉम्ब जमिनीवरच्यांसाठी. झॅपरने जमिनीवरचं काही फुटत नाही, बॉम्बने हवेतलं काही पडत नाही. जमिनीवरच्या इमारतीला विमान आपटतही नाही, कारण आपण वरच्या मजल्यावर आहोत.

विमानाच्या पुढे ठरावीक अंतरावर नेमाचं एक चिन्ह सतत चालतं. बॉम्ब तिथेच पडणार, पण लगेच नाही. खाली पोचायला त्याला वेळ लागतो, आणि तो पडेपर्यंत दुसरा टाकता येत नाही. म्हणून घाई करून उपयोग नाही. हलणाऱ्या रणगाड्यावर बॉम्ब टाकायचा तर तो आत्ता कुठे आहे याला महत्त्व नाही, क्षणभराने कुठे असेल याला आहे.

आता यात हवेतले शत्रू मिसळा. नेमाचं चिन्ह बघायला नजर पडद्याच्या मध्यावर न्यावी लागते. गोळ्या चुकवायला ती विमानाजवळ हवी. नवशिका दोन्हीकडे आळीपाळीने बघतो आणि मधल्या क्षणी मरतो. सरावलेला खेळाडू नजर दोहोंच्या मध्ये कुठेतरी सैल सोडतो आणि कशावरच रोखत नाही. शेकडो गोळ्यांच्या व्हिडिओतला माणूसही हेच करत असतो.

## गोळी कुठे जाते?

या लेखातला सगळ्यात कामाचा भाग हा आहे.

शत्रूने गोळी सोडली त्या क्षणी यंत्र पाहतं, विमान कुठे आहे. त्या जागेच्या दिशेने गोळी निघते आणि मग सरळ रेषेत जात राहते. वाटेत वळत नाही, तुमचा पाठलाग करत नाही. म्हणजे गोळी तुमच्याकडे येत नसते, तुम्ही मघाशी होतात तिथे येत असते. तुम्ही तिथून थोडे सरकलात तरी ती चुकली.

समजा गोळीला वरून खाली यायला एक सेकंद लागतो. डोळ्यांना काही दिसून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे पाऊण सेकंद शिल्लक राहतो, आणि सरकायचं असतं जेमतेम विमानाच्या रुंदीइतकं. हिशेब खेळाडूच्या बाजूने आहे. मग माणसं मरतात का? कारण घाबरून ती गरजेपेक्षा खूप जास्त सरकतात. पहिली गोळी चुकवताना पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जातात, शत्रू आता तिकडे नेम धरतो, दोन्हीकडे गोळ्या पसरतात आणि परतीची वाट बंद होते. जाणता खेळाडू एका बाजूला थोडा-थोडा सरकत जातो. नेम धरून सोडलेल्या सगळ्या गोळ्या त्याच्या मागे एका ओळीत गोळा होतात आणि बाकी पडदा मोकळा राहतो.

झेवियसमध्ये हे शिकायला वाव आहे. सुरुवातीला येणारे कड्यासारखे गोल ‘टोरॉइड’ तुमच्यासमोर येतात आणि वळून पळतात. पहिल्या तुकड्या तर गोळीही झाडत नाहीत. शत्रू पळून जातो हीच तेव्हा नवी गोष्ट होती, कारण पळणाऱ्याला काहीतरी विचार आहे असं वाटतं. पुढे ‘झाकातो’ येतात. काळे गोळे एकदम हवेतून प्रकटतात, एक गोळी सोडतात आणि नाहीसे होतात. ‘गारु झाकातो’ फुटतो तेव्हा चारी बाजूंना गोळ्या उधळतो, म्हणून तो कुठे फुटणार याचा अंदाज घेऊन आधीच दूर राहावं लागतं. आणि ‘बाकुरा’ हे धातूचे आडवे पत्रे फिरत फिरत खाली येतात. ते काही करत नाहीत आणि त्यांना काही होतही नाही. कितीही मारा करा.

बाकुरावरून जपानी मुलांमध्ये एक अफवा पसरली होती: २५६ वेळा मारलं तर तो फुटतो. खेळात असं काही नाही. पण आकडा नेमका २५६ का, हे बघण्यासारखं आहे. त्या काळच्या यंत्रात एक आकडा ८ खणांत साठवत, प्रत्येक खणात ० किंवा १. अशा ८ खणांच्या एकूण जुळण्या २५६ होतात. ज्यांना थोडंफार संगणकाचं कळत होतं त्यांना हा आकडा यंत्राच्या पोटातून आल्यासारखा वाटला, आणि अफवेला वजन आलं.

## तुम्ही चांगले खेळलात तर खेळ कडक होतो

खेळाची अवघडता सगळ्यांना सारखी असते असा आपला समज असतो. झेवियसमध्ये तशी नव्हती. तुम्ही जितके टिकता, तितके हवेतले शत्रू चढत्या क्रमाने कठीण प्रकारचे येतात. मेलात की ते जरा मवाळ होतात. म्हणजे खेळ तुमच्याकडे बघत असतो.

जमिनीवर ‘झोलबाक’ नावाचे घुमट आहेत. ते गोळी मारत नाहीत, म्हणून नवखा त्यांना सोडून जातो. गोष्टीत ते टेहळणीची केंद्रं आहेत, आणि ती उडवली तर हवेतल्या शत्रूंची पातळी खरोखर खाली येते. शत्रूचे डोळे फोडले, शत्रू गोंधळला. हे कोणी पाटी लावून सांगत नाही. ज्याने लक्ष दिलं त्यालाच उमगतं. गोष्ट आणि नियम इतके एकजीव झालेले मला आजच्या कोट्यवधींच्या खेळांतही क्वचित दिसतात.

हाच धागा पुढे किती ताणला गेला हे पाहायचं तर १९९६चा ‘बॅटल गारेगा’ घ्या. त्यात तुम्ही जितक्या गोळ्या झाडाल, जितकी शक्ती गोळा कराल, तितका खेळ चिडत जातो. तरबेज खेळाडू आपलं एक लाइफ मुद्दाम गमावून त्याला शांत करतात.

## झेवियसपासून शेकडो गोळ्यांपर्यंत

झेवियसनंतर जपानमध्ये या प्रकाराची रांगच लागली. कोनामीचा ‘ग्रेडियस’ १९८५ला आला, १९९०ला ‘रायडेन’. स्पर्धा वाढली तशा गोळ्या वेगवान होत गेल्या. मग १९९३ साली तोआप्लान कंपनीच्या ‘बात्सुगुन’ने उलटी दिशा धरली. गोळ्या भरपूर वाढवल्या पण हळू केल्या. १९९७चा केव्ह कंपनीचा ‘डोडोनपाची’ आला तोवर हा स्वतंत्र प्रकार झाला होता. आपल्या मोबाइलवर दिसणारे व्हिडिओ बहुधा याच घराण्यातले.

इतक्या गोळ्यांतून वाट निघते त्याची पहिली किल्ली अशी की विमानाचं चित्र मोठं असलं तरी गोळी लागल्याचं यंत्र धरतं ते मधल्या अगदी छोट्या चौकोनात. त्याला ‘हिटबॉक्स’ म्हणतात. डोडोनपाचीसारख्या खेळात तो जेमतेम काही ठिपक्यांचा. पंखावरून गोळी आरपार गेली तरी चालतं. बघणारा अख्खं विमान बघतो, खेळणारा तो चौकोन बघतो.

दुसरी किल्ली गोळ्या ओळखण्याची. पडद्यावर ३०० गोळ्या असल्या तरी प्रकार तीनच: नेम धरून सोडलेल्या, ठरलेल्या नक्षीत सुटणाऱ्या आणि जिकडे तिकडे विखुरलेल्या. नेमाच्या गोळ्यांना थोडं सरकून चकवता येतं. नक्षीतल्या गोळ्यांची फट नेहमी त्याच जागी येते. खरं लक्ष लागतं ते विखुरलेल्यांना, आणि त्या सहसा कमी असतात.

पंख्यासारख्या एकदम सुटणाऱ्या गोळ्यांचं गणित मला फार आवडतं. पंख्यात ३, ५, ७ अशा विषम गोळ्या असतील तर मधली थेट तुमच्यावर येते, हलावंच लागतं. ४ किंवा ६ अशा सम असतील तर तुमच्या नेमक्या रेषेवर फट असते. हललात तर मेलात, स्वस्थ राहिलात तर गोळ्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. व्हिडिओत एखादा खेळाडू गोळ्यांची भिंत अंगावर येत असताना निश्चल बसलेला दिसतो तो या भरवशावर.

आणि आता ती स्पेस इन्व्हेडर्सची गोष्ट. तिथे शत्रू कमी झाले की यंत्र मोकळं होऊन खेळ वेगवान व्हायचा. केव्हच्या खेळांत गोळ्या फार झाल्या की यंत्राला भार होतो आणि सगळा खेळ मंदावतो. खेळाडूला वाट काढायला वेळ मिळतो. अगदी गर्दीच्या क्षणी काळ संथ व्हावा हे खेळणाऱ्यांना इतकं आवडलं की या खेळांच्या पुढच्या आवृत्त्यांत तो मंदपणा जसाच्या तसा आहे की नाही, यावरून त्या जोखल्या जातात.

## “पण हे सगळं नाणी खाण्यासाठीच ना?”

आक्षेप रास्त आहे. गेम सेंटरचं यंत्र नाण्यावर चालतं. जपानमध्ये साधारण १०० येनला एक डाव. माणूस तासभर एकाच नाण्यावर खेळत बसला तर मालकाचं नुकसान. त्यामुळे खेळ अवघड करण्यात धंदा होताच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण नुसता अवघड खेळ पैसे मिळवत नाही. अन्यायाने मेलो असं वाटलं तर माणूस दुसरं नाणं घालत नाही, निघून जातो. ‘माझीच चूक झाली, पुन्हा जमेल’ असं वाटलं तरच हात खिशाकडे जातो. म्हणून नियम स्वच्छ आणि पक्के ठेवणं हे मालकाच्याही हिताचं होतं. झेवियसमध्ये एखाद्या भागाचा ७० टक्के रस्ता पार करून मेलात तर तोच भाग पुन्हा खेळावा लागत नाही, पुढच्या भागापासून सुरुवात होते. नुसती नाणीच खायची असती तर ही सवलत कशाला दिली असती?

शिवाय या खेळाला शेवट नाही. १६वा भाग संपला की तो पुन्हा ७व्यापासून सुरू होतो. ज्याला जमलं तो एका नाण्यावर वाटेल तितका वेळ उडत राहू शकतो. गुणफलक ९९,९९,९९० वर जाऊन थांबतो, आणि तिथवर पोचणारे जपानमध्ये निघालेही. धंद्याच्या चौकटीत राहून खेळणाऱ्याचा इतका मान राखलेला खेळ त्या काळात मला दुसरा सहज सुचत नाही.

## “मग उरतं ते पाठांतरच”

कोणता शत्रू कुठे आहे हे पाठ झालं की संपलं, त्यात कौशल्य कसलं, असं विचारलं जातं. जमिनीवरचे शत्रू ठरलेल्या जागीच असतात, हे खरं. पण हवेतले तुमच्या खेळण्यावर ठरतात आणि तुमच्या जागेकडे नेम धरतात. त्यामुळे दोन डाव तंतोतंत सारखे होत नाहीत. रस्ता पाठ असतो, रहदारी नसते.

त्यातही झेवियसने पाठांतराला शोधाचं रूप दिलं. जमिनीखाली ‘सोल’ नावाचे मनोरे लपलेले आहेत. मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर बॉम्ब टाकला तर मनोरा वर येतो. ‘स्पेशल फ्लॅग’ नावाचा झेंडाही असाच लपवलेला. नामकोच्याच १९८०च्या ‘रॅली-एक्स’ खेळातून तो आणला होता, इथे तो सापडला तर एक लाइफ जास्त मिळतं. नेमाचं चिन्ह अशा जागेवरून जाताना लुकलुकतं, एवढाच इशारा. त्याहून गुप्त गोष्ट सुरुवातीलाच आहे: पहिल्या भागात अगदी उजव्या कडेला जाऊन बॉम्ब टाकत राहिलात तर पडद्यावर ‘एव्हझू’ या नावाने प्रोग्राम लिहिणाऱ्याची सही उमटते. ही सही रचनाकार मासानोबु एंदो यांची.

इंटरनेट नव्हतं. शोध लागला की तो तोंडोतोंडी जायचा, गेम सेंटरात ठेवलेल्या वह्यांत लिहिला जायचा, हाताने लिहून झेरॉक्स काढलेल्या पुस्तिकांतून फिरायचा. अशीच ‘गेम फ्रीक’ ही पुस्तिका १९८३ला एका किशोरवयीन मुलाने सुरू केली. त्याचं नाव सातोशी ताजिरी. पुढे १९८९ला त्या पुस्तिकेची कंपनी झाली आणि १९९६ला तिने ‘पोकेमॉन’ आणला. गवतात काय दडलंय हे शोधत हिंडायचं आणि सापडलेलं दुसऱ्याला सांगायचं, हा त्या खेळाचा गाभा पाहिला की त्या वर्षांत गेम सेंटरांत घडलेली पिढी काय घेऊन बाहेर पडली हे कळतं.

## “गोळीबाराच्या खेळाला कसली आली गोष्ट?”

कंपनीच्या डोक्यात आधी व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टरचा खेळ होता. काम नव्यानेच नोकरीला लागलेल्या एंदोंकडे आलं आणि त्यांनी ते खरं युद्ध बाजूला सारून दूरचं कल्पित युद्ध आणलं. पण ‘परग्रहवासी वाईट, आपण चांगले’ इतक्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी शत्रूच्या प्रत्येक यंत्राला नाव दिलं, शत्रूची भाषा रचली, तिचे अंक ठरवले. त्यांच्या मागे ‘गॅम्प’ नावाचा महासंगणक उभा केला. एंदोंनी लिहिलेल्या कथेनुसार हे आक्रमक मुळात याच पृथ्वीवर फार पूर्वी नांदून गेलेल्या संस्कृतीचे आहेत. खेळात एके ठिकाणी खाली पेरू देशातल्या नाझ्का पठारावरच्या अवाढव्य पक्ष्याचं चित्र दिसतं. काही न बोलता ते सांगून जातं की हे लोक इथे आधी येऊन गेले आहेत.

हे कळल्यावर खेळ थोडा अस्वस्थ करतो, आणि तो करावा असंच मला वाटतं. जमिनीवर ‘बारा’ नावाचे छोटे पिरॅमिड आहेत. ते हलत नाहीत, गोळी मारत नाहीत, तुमचं काहीच बिघडवत नाहीत. गुणांसाठी आपण ते फोडत जातो. रक्त नाही, माणूस दिसत नाही, हे खरं असलं तरी ‘हिंसा नाहीच’ असं मी म्हणणार नाही. मुलांच्या हाती हा खेळ देणाऱ्याने एवढं मान्य करावं आणि त्यावर त्यांच्याशी बोलावं.

दिसण्याबद्दलही सांगायला हवं. बाकीचे खेळ भडक रंगांत रंगलेले असताना झेवियसचे शत्रू राखाडीच्या अनेक छटांत आहेत, त्यामुळे ते घडीव धातूचे वाटतात. ४थ्या भागात ‘अँडोर जेनेसिस’ हे प्रचंड यान पडदा भरून येतं, पुढे ९व्या आणि १४व्या भागातही. भागाच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूला आज सगळे ‘बॉस’ म्हणतात. त्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत हे यान धरतात. त्याला संपवायला अख्खं फोडावं लागत नाही, मधल्या गाभ्यावर एक बॉम्ब नीट बसला की झालं. संगीत युरिको केइनो यांचं. काही सुरांचीच ती सतत फिरत राहणारी धून आहे. हारुओमी होसोनो या नामवंत संगीतकाराने १९८४ साली नामकोच्या खेळांच्या संगीताची ध्वनिमुद्रिका काढली, तिची सुरुवात याच धुनेने होते.

## खेळून बघायचं असेल तर

फॅमिकॉमवर झेवियस १९८४ला आला आणि जपानमध्ये त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण फॅमिकॉमची ताकद कमी पडल्यामुळे त्यात ते मोठं यान नीट तरंगत नाही. मूळ गेम सेंटरचीच आवृत्ती बघावी. २०२१च्या सप्टेंबरमध्ये हॅमस्टर कंपनीने ती निन्टेंडो स्विच आणि प्लेस्टेशन ४ साठी ‘आर्केड आर्काइव्हज’ या मालिकेत काढली.

पहिले काही डाव गुणांकडे बघू नका. झॅपरचं बटण दाबून ठेवा, विमान पडद्याच्या तळापासून थोडं वर ठेवा, म्हणजे मागे हटायला जागा उरते. नजर विमान आणि नेमाचं चिन्ह यांच्या मध्ये ठेवा. गोळी सुटली की एका बाजूला विमानाच्या रुंदीइतकंच सरका आणि ती कुठून गेली ते बघा. घुमट दिसला की तो आधी उडवा. पहिल्या भागाचं जंगल ओलांडलंत की असाच एखादा शेकडो गोळ्यांचा व्हिडिओ पुन्हा लावा आणि या वेळी गोळ्यांऐवजी विमानाचा मधला ठिपका बघत राहा. तो किती कमी हलतो, हे तिथे दिसेल.